घरगुती लेथला साधं बटण नको, स्टार्टरच हवा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं बघून गावाकडचे हौशी कारागीर छोटं लेथ मशीन घरीच उभं करतात. बेडला जाड चॅनेल, स्पिंडलला दोन बेअरिंग आणि एक एचपीची सिंगल फेज मोटर एवढ्यावर काम भागतं. १४४० फेऱ्यांच्या मोटरला ३ इंची आणि स्पिंडलला ९ इंची पुली लावली, की चक मिनिटाला साधारण ४८० फेरे घेतो.

धोका असतो तो लाईट गेल्यावर. साधं बटण चालूच राहतं. कारागीर चकमधला जॉब चाचपत असतो आणि अचानक लाईट येते! म्हणून नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर बसवावा. त्यात हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. शेतीपंपाला लावतात तो ऑटो स्विच मात्र इथं चुकूनही जोडू नये, तो लाईट आली की मोटर आपोआप सुरू करतो.

अर्थिंगची हिरवी वायर मोटरच्या बॉडीला आणि बेडलाही हवी. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असते, शॉकपासून वाचवायला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. पट्ट्यावर जाळी बसवावी. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.