मुंबईच्या कारभाराचा एक जुना धडा



मीं आपलें सारें आयुष्य शाळामास्तरकींत घालविलें. एके वर्षीं ऐन उन्हाळ्यांत आमच्या शाळेच्या नळाचें पाणी बंद पडलें. तक्रार घेऊन गेलों तों कारकुनानें साहेबांकडे धाडलें. साहेब म्हणाले, "मंजुरी सभासदांच्या हातीं आहे." सभासद म्हणाले, "आमचें साहेबांपुढें काय चालतें, मास्तर ?" महिनाभर मुलें घरून पाणी आणीत होतीं. नळ पुढें दुरुस्त झाला. परंतु पाणी न आल्यास जबाब कोणी द्यावयाचा, हा प्रश्न माझ्या मनांत कायमचा राहिला. ह्याच प्रश्नावरून दीडशें वर्षांपूर्वीं मुंबई शहरांत मोठा वाद माजला होता. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

सन १८५८ पासून मुंबईचा कारभार तीन कमिशनरांच्या मंडळाकडे होता. सत्ता तिघांची असली म्हणजे दोष कोणाचाच नसतो ! सन १८६० मध्यें विहार तलावाचें पाणी शहरांत आलें, ही मोठीच सोय झाली. परंतु गटारांची आणि केरकचऱ्याची दैना संपली नव्हती. तशांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबईच्या कापसाला सोन्याचें मोल आलें, पोटासाठीं माणसांची रीघ लागली आणि वस्ती दाटत गेली. तेव्हां सरकारनें सन १८६५ चा कायदा करून तिघांच्या जागीं एकच कमिशनर नेमला. त्याचें नांव आर्थर क्रॉफर्ड.

क्रॉफर्डसाहेब मोठे धडाडीचे. त्यांनीं रस्ते सुधारले, सफाईची घडी बसविली, आणि ज्याला पुढें महात्मा जोतिबा फुले मंडई हें नांव मिळालें तो भव्य बाजार सन १८६९ मध्यें उभा केला. शहराचें रूप पालटलें, हें त्यांच्या वैऱ्यांनाही नाकारतां आलें नाहीं. परंतु पैसा ? १८६५ सालींच कापसाचा बाजार कोसळून शेअरांची बाजी उलटली होती, आणि भलेभले सावकार धुळीस मिळाले होते. अशा काळांत खर्च वाढला, कर वाढले, कर्ज वाढलें. हिशेब तपासावयाचा तो जस्टिस ऑफ दि पीस मंडळींनीं. पण तीं माणसें सरकारनें नेमलेलीं. कर भरणारांना तीं बांधलेलीं नव्हतीं, आणि कमिशनराला आवरण्याचें बळही त्यांच्यांत नव्हतें.

अखेर सन १८७१ मध्यें करदाते खवळले. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे जुने पुढारी त्यांत आघाडीवर होते. एका माणसाची सत्ता काढून ती मंडळाकडे द्यावी, असा बहुतेकांचा सूर होता. त्या वेळीं नुकत्याच विलायतेहून आलेल्या एका सव्वीस वर्षांच्या बॅरिस्टरानें उलट मत मांडलें. ते फिरोजशहा मेहता. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : काम करणारा हात एकच असावा, नाहींतर कामें होणार नाहींत, दोष हात बळकट असण्याचा नाहीं, तर त्यावर लोकांनीं निवडलेली नजर नसण्याचा आहे. हें मत तेव्हां सभेला रुचलें नाहीं. परंतु पुढील इतिहासानें त्याला दुजोरा दिला.

सन १८७२ च्या कायद्यानें चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन झाली. त्यांतील बत्तीस करदात्यांनीं निवडावयाचे होते. १८८८ च्या कायद्यानें सभासद बहात्तर झाले, आणि तो कायदा घडविण्यांत मेहतांचा मोठा हात होता. योगायोग असा कीं, त्याच १८८८ सालीं पुण्यांत क्रॉफर्डसाहेबांची चौकशी झाली. लांच घेतल्याचा आरोप शाबीत झाला नाहीं, परंतु हाताखालच्या माणसांकडून कर्ज काढल्याबद्दल त्यांना नोकरीस मुकावें लागलें. माणूस कितीही कर्तबगार असो, केवळ त्याच्या भरंवशावर शहर सोंपवितां येत नाहीं, याला याहून मोठा पुरावा कोणता ?

अर्थात् ही निवडणूक लोकांची म्हणावी, तर तेंही अर्धसत्यच. मत होतें तें ठराविक रकमेवर कर भरणारांना. चाळींत राहणारा गिरणीकामगार, रस्ता झाडणारी बाई, ह्यांना १९४८ सालीं प्रौढ मताधिकारावर निवडणूक होईपर्यंत थांबावें लागलें. ज्यांना गटाराचा त्रास सर्वांत अधिक, त्यांचाच शब्द सर्वांत शेवटीं ऐकूं आला.

आतां आजच्याकडे वळूं. सन १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकांची मुदत पांच वर्षांची ठरविली, आणि मुदत संपण्यापूर्वींच नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असेंही सांगितलें. तरीही मार्च १८७२ नव्हे, मार्च २०२२ मध्यें मुंबई महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ सारा कारभार एका प्रशासकाच्या हातीं राहिला. त्या काळांत कामें झालीं नाहींत, असें मी म्हणत नाहीं. क्रॉफर्डच्या काळींही कामें झालींच होतीं. प्रश्न कामांचा नव्हे, जबाबाचा आहे.

आपल्या दारींचा नळ कोरडा पडला, तर साहेबांना अवश्य विचारा. परंतु साहेबांना विचारणारा आपला माणूस सभागृहांत आहे कीं नाहीं, आणि असल्यास तो विचारतो कीं नाहीं, हें आधीं पाहा. मेहतांनीं मागितलेली नजर शेवटीं आपलीच आहे. ती मिटूं देऊं नका, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.