पुरेसं म्हणजे किती? जावातल्या श्रीहार्जो गावाचा हिशोब

जावा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बोरोबुदुरचा स्तूप येतो, प्रंबाननची देवळं येतात, महाभारतावरचे छायाबाहुल्यांचे खेळ येतात. आज यातलं काहीच आपण बघणार नाही. आज आपण भातशेतीच्या एका लहानशा गावात जाणार आहोत आणि तिथे बसून हिशोब मांडणार आहोत. प्रश्न एवढाच, की एका कुटुंबाला पुरेसं म्हणजे किती?

गावाचं नाव श्रीहार्जो. योग्यकार्ता प्रांतात, बांतुल जिल्ह्यात, इमोगिरीच्या जवळ. इमोगिरीच्या टेकडीवर माताराम घराण्याच्या राजांच्या कबरी आहेत. सतराव्या शतकात सुलतान आगुंगने ही जागा निवडली. गावाचा काही भाग सपाट, पाण्याखालचा. काही टेकड्यांचा, कोरडवाहू. मधून ओयो नदी जाते. नावातला 'श्री' आपल्या ओळखीचा आहे. जावात श्री ही भाताची देवी. गावाला तिथे 'देसा' म्हणतात, तोही संस्कृत 'देश'च.

नावं ऐकून वाटेल, की हे हजार वर्षं जसंच्या तसं चालत आलेलं गाव असणार. तसं नाही. आज दिसतं तेवढं श्रीहार्जो १९४० च्या दशकात शेजारची लहान गावं जोडून तयार झालं. जमिनीवरचा हक्कही फार जुना नाही. योग्यकार्ता हे संस्थान. जमीन सुलतानाची, तिचं उत्पन्न सरदारांना आणि नातलगांना लावून दिलेलं. एकोणिसाव्या शतकात ते या जमिनी गोऱ्या मळेवाल्यांना भाड्याने देऊ लागले, आणि जमिनीबरोबर तिच्यावरच्या माणसांची वेठही भाड्याने गेली. नीळ आणि ऊस पिकला तो या वेठीवर. १९१८ च्या सुधारणेनंतर ही पद्धत मोडली आणि शेतकऱ्याला कसण्याचा पक्का हक्क मिळाला. गावच्या अधिकाऱ्यांना मात्र पगाराऐवजी जमीन मिळत राहिली. तिला तिथे 'लुंगुह' म्हणतात. आपण ऐकताना पाटलाचं वतन आठवलं तर फारसं चुकणार नाही.

हक्क मिळाला, पण वाटेकरी वाढत होते. १८१५ साली रॅफल्सच्या अमदानीत जावाची लोकसंख्या सुमारे ४६ लाख मोजली गेली. ही मोजणी कमी भरली असं अभ्यासक मानतात. ते धरूनही पुढचे आकडे बघा. १९३० च्या जनगणनेत जावा आणि मदुरा मिळून ४ कोटी १७ लाख. १९७१ मध्ये ७ कोटी ६० लाख. बेट तेवढंच.

मग एवढी माणसं जगली कशी? याचं एक प्रसिद्ध उत्तर क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दिलं. ते असं, की पाण्याखालच्या भातशेतीत हात वाढवले की थोडं तरी उत्पन्न वाढतं. म्हणून जावाच्या खेड्याने कोणाला बाहेर ढकललं नाही. काम बारीक वाटलं, पीक बारीक वाटलं. त्याने याला वाटून घेतलेली गरिबी म्हटलं. कल्पना मोहक आहे. अर्ध्या भाकरीतली चतकोर देणारं गाव कोणाला आवडणार नाही?

पण वाटणी झाली म्हणजे सारखी झाली का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. ते मोजणारी दोन माणसं श्रीहार्जोत आली. एक मास्री सिंगारिम्बुन, सुमात्रातल्या कारो समाजात जन्मलेले अभ्यासक. दुसरे डेव्हिड पेनी, ऑस्ट्रेलियातले शेतीचे अर्थशास्त्रज्ञ. त्यांचं पुस्तक १९७३ मध्ये आलं.

त्यांनी गावकऱ्यांच्याच तोंडचा एक शब्द मापाला घेतला: 'चुकुपान'. म्हणजे खाऊनपिऊन बरं असणं. श्रीमंती नाही, पण कोणापुढे हात पसरायला नको. त्यासाठी किती लागतं? उत्तर आलं, ०.७ हेक्टर पाण्याखालची भाताची जमीन आणि ०.३ हेक्टर परसबाग. आपल्या मापात पावणेदोन एकर भात आणि तीस गुंठे परसू. नारळ, फणस, केळी या परसातच. ज्याच्याकडे भाताची जमीन नाही, तो माडावर चढून रस काढतो. घरातली बाई चुलीवर तो आटवून गूळ करते. सरपण, वेळ, कष्ट मोजले तर त्या गुळाला फार थोडी मजुरी पडते.

आता हिशोब बघा. एक हेक्टर ही काही जमीनदारी नाही. तरी एवढी जमीन असलेली घरं गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांकडे तुकडे, आणि कित्येकांकडे भाताचं एक खाचरही नाही. त्यांचं पोट दुसऱ्याच्या शेतावर, विशेषतः सुगीवर.

म्हणून सुगीचा नियम नीट समजून घेऊ. जावात भात कापायचं हत्यार म्हणजे 'आनी-आनी', तळहातात लपणारं छोटं पातं. एकेक लोंबी खुडायची. मोठं पातं बघून श्रीदेवी भिते, असं म्हणत. कापणी बहुतेक बायांची. शेत पिकलं की गावातली, शेजारच्या वाडीतली कोणीही बाई येऊन कापायला लागायची आणि कापलेल्यातला वाटा घेऊन जायची. हा वाटा म्हणजे 'बावोन'. नातलगाला मोठा, लांबच्याला लहान. मालकाने 'येऊ नकोस' म्हणणं शोभायचं नाही. जमीन नसलेल्या घराचा जमिनीशी उरलेला धागा तो हा.

हा धागा पुढे कसा तुटत गेला, हे जावाच्या अनेक भागांत अभ्यासकांनी नोंदवलं आहे. १९६० च्या कायद्याने जमीनवाटपाचं वचन दिलं होतं. १९६५-६६ च्या कत्तलींनंतर वाटपाची मागणी करायलाही कोणी उरलं नाही. त्याच सुमारास बुटक्या भाताचं नवं बियाणं, रासायनिक खत आणि सरकारी कर्ज आलं. पीक वाढलं, खर्चही वाढला. मालकाला प्रत्येक पेंढी मोजावीशी वाटू लागली. पण शेजारणीला नाही कसं म्हणणार?

यावर तोड निघाली 'तेबासान'ची. पीक उभं असतानाच व्यापाऱ्याला विकायचं. व्यापारी बाहेरचा. तो आपली मोजकी माणसं आणतो, हातात विळे देतो, रोख मजुरी देतो. बांधावर जमलेल्या बाया परत जातात. आम्हाला यात सगळ्यात बोलकं हे वाटतं, की मालकाने पिकाबरोबर 'नाही' म्हणण्याचं कामही विकून टाकलं. मग भातगिरण्या आल्या, आणि बायांची कांडणाची मजुरीही गेली.

म्हणून खेडं उजाडलं का? नाही, हेही तितकंच खरं. १९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला. शाळा आल्या, रस्ते आले, पोरं शहरात कामाला जाऊ लागली. सिंगारिम्बुन स्वतः श्रीहार्जोला परत परत गेले आणि फरक नोंदवत राहिले. पुढे २७ मे २००६ च्या भूकंपात बांतुल जिल्हा हादरला, हजारो माणसं गेली. तेव्हा लोकांनी एकमेकांच्या घरांचे ढिगारे उपसले, एकमेकांच्या भिंती उभ्या केल्या. कष्ट वाटून घेण्याची रीत अजून जिवंत आहे. धान्य वाटून घेण्याची मात्र आटली.

एकोप्याने राहणारं खेडं हे चित्र आपल्याला आवडतं, आणि ते अगदीच खोटं नसतं. पण कुठल्याही गावाचा इतिहास वाचताना आपण दोन गोष्टी विचारायला हव्यात: पुरेसं किती घरांकडे होतं, आणि ज्यांच्याकडे नव्हतं त्यांना सुगीला शेतात पाय ठेवू दिला जात होता का? श्रीहार्जोने आपल्याला हे विचारायला शिकवलं. आता तुमचे प्रश्न घेऊ.