गिरणगावची खानावळ

माणूस काय खातो हे त्याचा मुलूख ठरवतो, कोणाबरोबर खातो हे त्याची जात ठरवते आणि केव्हा व किती खातो हे त्याची मजुरी ठरवते. या तिन्ही सत्तांची ओढाताण पाहावयाची असेल, तर मुंबईच्या गिरणगावाइतके चांगले स्थळ आम्हाला ठाऊक नाही.

१८५६ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, डिलाईल रोड हा सारा भाग भोंग्यांनी जागा होऊ लागला. रत्नागिरीचा, साताऱ्याचा गडी एकटाच येई. बायकामुले गावी, कारण मुंबईच्या पगारात बिऱ्हाड परवडत नसे. चाळीच्या एकेका खोलीत पुष्कळ गडी दाटीने राहत. त्यांच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बाईकडे असे. कोकण्याला भात-मासळी हवी, घाटावरच्याला भाकरी-कोरड्यास. त्यामुळे खानावळीही बहुधा गाव आणि जात पाहूनच धरल्या जात. जेवणाची वेळ मात्र भूक ठरवीत नसे, पाळी ठरवी.

गावचा विटाळही या गड्यांच्या वळकटीतून मुंबईला आला. साचाखात्यात कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. तोच धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाला लागणार! या उष्ट्याच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना साचाखात्यात येऊ दिले जात नसे. आणि साचेवाल्याची कमाई त्रासनखात्यापेक्षा जास्त! म्हणजे पाणवठ्यावरचा भेद येथे थेट पगारात उतरला. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकाविरुद्ध एकवटलेले हात धोट्यापाशी येऊन थबकत होते, हे आम्हा युनियनवाल्यांनी विसरून चालणार नाही.

संस्कार असे चिवट, पण परिस्थितीही नवे संस्कार घडवते. संपात पगार थांबे. तरी उधारी वहीत मांडून खानावळवाली ताट वाढीत राही. तिचा स्वतःचा किराणाही उधारीचाच, वर सावकाराचे व्याज. संपाचा इतिहास लिहिताना सभा आणि मोर्चे मोजले गेले. या वह्या कोणी मोजल्या नाहीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना बँकांचे कर्ज मिळवून दिले. बाईचे रांधणे हाही कष्टाचा धंदा आहे, हे तेव्हा कोठे कागदावर आले.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप लांबला, कित्येक गडी गावी परतले, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि जेवणारेच उरले नाहीत तशा खानावळीही ओसरल्या. आज गिरण्यांच्या जागी मॉल आणि उपाहारगृहे उभी आहेत. एके काळी जिला गरिबाचे अन्न म्हणत, ती भाकरी तेथे चढ्या दराने हौसेने मागवली जाते.

भाकरी तीच आहे. तिची पत बदलली, कारण खाणारा बदलला. पत अशी बदलू शकते, तर विटाळही कोणी आकाशातून धाडलेला नाही. तेव्हा श्रोतेहो, घरी गेल्यावर एवढेच पाहावे, की आपल्या स्वयंपाकघरात कामवाल्या बाईचा कप अजून वेगळ्या कोनाड्यात आहे काय.