नामाचें वळण

खराडीहून मुंढव्यास जावयाचें म्हणजे मुळामुठेवरील पूल ओलांडला कीं झालें. खराडी नदीच्या उत्तरेस, मुंढवा दक्षिणेस. १९९७ सालीं खराडी पुणें महानगरपालिकेंत आली आणि पाहतां पाहतां शेतांच्या जागीं संगणक-कंपन्यांच्या कांचेच्या इमारती उभ्या राहिल्या. हा पालट सर्वांच्या डोळ्यांसमोरचा आहे. परंतु याच पुलाच्या दोन्ही अंगांस भाषेंत एक लहानशी घडामोड चालू आहे, तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. जुनीं माणसें "मुंढव्याला जातों" म्हणतात. जाहिरातींच्या फलकांवर मात्र "मुंढवा मध्ये घरे", "पुणे मध्ये नोकरी" असें वाचावयास मिळतें. उत्तरपत्रिकांतहि हा प्रकार मला आढळूं लागला आहे, आणि मी नेमानें लाल शाईनें "पुण्यांत" अशी दुरुस्ती करीत असतों. एकदां एका हुशार विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, गांवाचें नांव पुणें आहे ना? मग तें आपण मोडावयाचें कां?" प्रश्न वरवर पोरकट दिसतो, पण तसा तो नाहीं. नाम म्हणजे काय, हाच तिचा प्रश्न होता. आणि त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येईना.

शाळेंत आपण शिकतों कीं, वस्तूचें किंवा तिच्या गुणाचें जें नांव तें नाम. ही दृष्टि फार जुनी आहे. यास्कानें निरुक्ताच्या आरंभींच शब्दांचे चार वर्ग केले : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आख्यातांत क्रियेची घडण प्रधान, नामांत सिद्ध वस्तु प्रधान. जाण्याची क्रिया चालू आहे तोंवर ती आख्यातानें सांगावी; तीच आरंभापासून शेवटापर्यंत गोळा होऊन जणूं मूर्त झाली, कीं तिचें नाम होतें. पाणिनीनें मात्र अर्थाच्या खोलांत न शिरतां रूपाकडे पाहिलें. शब्दाच्या अंतीं कोणते प्रत्यय लागतात त्यावरून त्यानें पदाचे सुबन्त आणि तिङन्त असे दोन भेद केले. एकानें नामास त्याच्या अर्थावरून ओळखलें, दुसऱ्यानें त्याच्या वागण्यावरून.

मराठीच्या वांट्यास हे दोन्ही वारसे आले आणि त्यांत तिसऱ्याची भर पडली. ख्रिस्ती धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स यांनीं कोंकणीचें व्याकरण लिहिलें, तें त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं गोमंतकांत रायतूर येथें छापलें गेलें. १८०५ सालीं विल्यम कॅरे यांनीं दूर बंगालमध्यें श्रीरामपुरास मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. १८३६ सालीं मुंबईस दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' निघालें, तेव्हां दादोबांचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. त्यांच्या समोर दोन सांचे होते : एक संस्कृत व्याकरणाचा, दुसरा लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा. पुढें कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं 'शालापत्रका'तून दादोबांच्या नियमांची कसून चिकित्सा केली, आणि १९११ सालीं मोरो केशव दामले यांनीं आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त पूर्वसूरींचीं मतें पुन्हां एकदां तावून सुलाखून पाहिलीं.

इतकी खटपट कशासाठीं? कारण मराठी नाम दोन्ही सांच्यांत नीट बसत नाहीं. संस्कृतांत प्रकृतीस प्रत्यय जोडला कीं 'रामस्य' हें पद तयार होतें. इंग्रजींत नाम बहुधा जसेंच्या तसें राहतें आणि त्याच्या आधीं एखादें अव्यय येऊन बसतें. मराठींत या दोहोंमध्यें एक पायरी आहे. 'घोडा' यास थेट 'स' लागत नाहीं. आधीं 'घोड्या' व्हावें लागतें, मग घोड्यास, घोड्यावर, घोड्यासाठीं. हें 'घोड्या', हांक मारण्याचा प्रसंग सोडला तर, वाक्यांत एकटें उभें राहूं शकत नाहीं. यासच आपण सामान्यरूप म्हणतों. भाषाशास्त्रज्ञ त्याचें मूळ संस्कृतांतील षष्ठींत पाहतात. म्हणजे 'घोड्यावर' यांत 'घोड्याच्या वर' हा जुना संबंध अजून दडलेला आहे. नामानें थोडें वांकून पुढील शब्दाशीं नातें जोडावयाचें, ही मराठीची रीत.

म्हणूनच मराठींत नाम ओळखावयाचें तें केवळ अर्थावरून नव्हे. 'शहाणा' हें एरव्हीं विशेषण. पण "शहाण्यास शब्दाचा मार" म्हणतांच तें नामासारखें वांकलें आणि नाम झालें. 'खेळणें' ही क्रिया. 'खेळण्यानें' म्हटलें कीं ती नामाच्या पंक्तीस बसली. लिंगाचीहि तीच गोष्ट. खराडी वाढली, मुंढवा वाढला, पुणें वाढलें. माती एकच, पाणी एकच, पण भाषेनें एकीस स्त्री केलें, दुसऱ्यास पुरुष, तिसऱ्यास नपुंसक. ही वांटणी वस्तूची नव्हे, नामाची आहे. प्रत्येक नाम डोळ्यांना दिसेल असें वांकतेंच असेंहि नाहीं. खराडी ही 'नदी'सारखी : एकवचनीं नदीला, खराडीला, अनेकवचनीं मात्र 'नद्यांना'. पुलाच्या या तीरावर जो नियम झांकलेला, तो पलीकडच्या तीरावर 'मुंढव्यां'त उघडा पडतो.

या वांकण्याचें खरें मोल परक्या शब्दांच्या इतिहासांत कळतें. रस्ता, किल्ला, दरवाजा हे फारसी-अरबींतून आलेले शब्द. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'नें राज्यकारभारांतील अशा शब्दांस संस्कृत पर्याय दिले. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळीं पेशव्याचा मुख्यप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत. तरीहि पेशवा हा शब्द गेला नाहीं. १८१८ पर्यंत पेशव्यांचें राज्य तेंच नांव घेऊन चाललें. रस्त्यावर, किल्ल्यांत, दरवाज्याशीं असें म्हणतांना हे शब्द बाहेरचे आहेत हें आज कोणाच्या मनांतहि येत नाहीं. कोश शब्द देऊं शकतो, घेऊं शकतो. परंतु घरांतलें वळण ज्याला लागलें तो घरचाच झाला. टेबलावर आणि कॅमेऱ्यांत हे अलीकडचे दाखले त्याच वाटेचे.

येथें एक कबुली दिली पाहिजे. भाषा पालटते आणि तिला पालटण्याचा अधिकार आहे. आमचे आजोबा 'रामास' म्हणत, आम्ही सर्रास 'रामला' म्हणतों. तेवढ्यानें मराठी बुडाली नाहीं. मग 'पुणे मध्ये' याचेंच एवढें दुःख कां करावें? माझ्या मतें त्या दोहोंत फरक आहे. 'रामला' हें बोलणाऱ्याच्या तोंडांत घडलें. 'पुणे मध्ये' हें फलकावर घडलें. तेथें गांवाचें नांव म्हणजे चिकटवलेली चिठ्ठी, जिला हात लावावयाचा नाहीं. ज्या नांवास आपण हात लावीत नाहीं, तें आपलें नसतें. माझ्या विद्यार्थिनीस मीं पुढच्या तासाला हेंच सांगितलें : पुण्याचें नांव आपण मोडीत नाहीं, त्याला घरांत घेतों.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं खराडींत मी रिक्षाची वाट पाहत उभा होतों. रिक्षावाला तरुण होता. त्याचे उच्चार मराठी मुलखाचे नव्हते. मराठी तो येथेंच, रस्त्यावर शिकला असावा. रिक्षा थांबवून त्यानें विचारलें, "काका, मुंढव्याला का?" त्याला कोणी सामान्यरूप शिकविलें नव्हतें, आणि त्याची वही कोणी लाल शाईनें तपासली नव्हती. मी होय म्हणालों आणि आम्ही पुलाकडे निघालों.