शिष्यवृत्तीचे ऋण आणि अध्यापनाचा गौरव : टर्मन-परंपरेचा एक विचार

एखाद्या उद्योगाचा इतिहास लिहिताना लेखकाचे लक्ष सामान्यतः शोध, भांडवल आणि बाजारपेठ या तिहींकडे वेधले जाते. त्या उद्योगाला लागणारी माणसे कोणी घडविली, त्यांच्या शिक्षणाचा भार कोणी वाहिला आणि त्यांना शिकविणाऱ्यांची कदर कशी झाली, हे प्रश्न मागे पडतात. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या बाबतीत मात्र ते टाळता येत नाहीत. कारण त्या उद्योगातील एका अग्रगण्य कंपनीच्या उभारणीस एका अल्पशा शिष्यवृत्तीचा हातभार लागला, आणि ती शिष्यवृत्ती मिळवून देणारा एक अध्यापक होता.

फ्रेडरिक टर्मन (१९००–१९८२) हे ते अध्यापक होत. १९२४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची डॉक्टरेट मिळविल्यानंतर क्षयाच्या विकाराने त्यांना अंथरुणास खिळविले. त्यातून उठून १९२५ मध्ये त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापनास प्रारंभ केला. त्यांचे ‘रेडिओ इंजिनिअरिंग’ हे पाठ्यपुस्तक १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि भारतातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीही त्याचा अभ्यास केला.

त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील होतकरू पदवीधर नोकरीसाठी पूर्वेकडे जात. टर्मन यांचे विद्यार्थी डेव्हिड पॅकार्ड हेही न्यूयॉर्क राज्यातील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत दाखल झाले होते. १९३८ मध्ये टर्मन यांनी पाचशे डॉलरांची वार्षिक शिष्यवृत्ती मिळवून देऊन त्यांना स्टॅनफर्डला परत आणले. एवढ्या रकमेत संसार चालणे कठीण होते. पॅकार्ड यांच्या पत्नी ल्यूसिल यांच्या नोकरीचा त्याला आधार मिळाला. विल्यम ह्यूलेट हे त्यांचे सहाध्यायी. टर्मन यांच्या मार्गदर्शनाखाली ह्यूलेट यांनी सिद्ध केलेला ऑसिलेटर, म्हणजे ठराविक कंपनसंख्येचा विद्युत्संकेत निर्माण करणारे उपकरण, हेच नव्या कंपनीचे पहिले महत्त्वाचे उत्पादन ठरले. १९३९ च्या आरंभी ५३८ डॉलरांच्या भांडवलावर ह्यूलेट-पॅकार्ड ही भागीदारी अस्तित्वात आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शिष्यवृत्तीने केवळ विद्यार्थ्याच्या निर्वाहाची सोय केली. तिला फळ आले ते अध्यापन, प्रयोगशाळा आणि उद्योजकांचा परिचय यांची जोड मिळाल्यामुळे. टर्मन यांनाही याची जाणीव असावी. महायुद्धानंतर अभियांत्रिकी शाखेचे अधिष्ठाते या नात्याने त्यांनी १९५४ मध्ये जी सहकारी योजना सुरू केली, तिच्यात कंपनीचा अभियंता नोकरी सांभाळून उच्च पदवीचे शिक्षण घेई, आणि कंपनी त्याच्या शुल्काव्यतिरिक्त तेवढीच आणखी रक्कम विद्यापीठास देई. विद्यार्थ्याचे शुल्क भरणे म्हणजे शिक्षणाचा पूर्ण खर्च भरणे नव्हे, हे तत्त्व या दुप्पट आकारणीत गृहीत धरलेले होते.

अध्यापकाच्या गौरवाचा विचारही याच सुमारास पुढे आला. अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने विद्युत् अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी एक पदक सुरू केले, आणि १९५६ मध्ये त्याचा पहिला मान टर्मन यांना दिला. १९६९ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने अभियांत्रिकी-शिक्षणाच्या अमेरिकन संस्थेमार्फत टर्मन यांच्या नावाने एक पारितोषिक स्थापन केले. ते विद्युत् अभियांत्रिकीच्या तरुण अध्यापकासाठी होते, आणि पाठ्यपुस्तकाच्या लेखनाला त्यात विशेष मोल होते. एकेकाळी शिष्यवृत्ती घेतलेल्या विद्यार्थ्यांनी ते ऋण गुरूच्या व्यवसायाकडे वळविले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला शोभणारे नाही. महायुद्धात टर्मन हार्वर्ड येथील रेडिओ संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते, आणि युद्धोत्तर स्टॅनफर्डचा उत्कर्ष मोठ्या प्रमाणावर संरक्षण खात्याच्या संशोधन-करारांवर झाला. १९५५ ते १९६५ या काळात प्रोव्होस्टपदी असताना अध्यापकांची निवड करताना त्यांनी संशोधनाला आणि बाहेरून निधी आणण्याच्या सामर्थ्याला मोठे महत्त्व दिले. पदवीपूर्व अध्यापनाकडे त्यामुळे दुर्लक्ष झाले, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. ज्यांचे नाव अध्यापनाच्या पारितोषिकाला लाभले, त्यांच्याच धोरणात अध्यापनाचे पारडे हलके झाले, हा विरोधाभास केवळ व्यक्तीचा नाही. पारितोषिक वर्षाकाठी एकाचा सन्मान करते. नेमणूक आणि बढती यांचे निकष मात्र सर्वांचे वर्तन ठरवितात.

या अनुभवाचा विस्तार अमेरिकेबाहेरही झाला. १९७० मध्ये दक्षिण कोरियात गेलेल्या अमेरिकन तज्ज्ञमंडळाचे नेतृत्व टर्मन यांच्याकडे होते. त्या मंडळाच्या अहवालानंतर १९७१ मध्ये सोल येथे प्रगत विज्ञान संस्था स्थापन झाली. तिच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीबरोबर सक्तीच्या लष्करी सेवेतही सवलत मिळाली. परंतु ही सवलत एका नव्या संस्थेच्या उभारणीचा भाग होती, ही बाब विसरता कामा नये.

इलेक्ट्रॉनिक्ससारख्या उद्योगात कारखान्याचे वेतन विद्यापीठाच्या वेतनापेक्षा नेहमीच अधिक असावयाचे. साहजिकच उत्तम विद्यार्थी उद्योगात जातो, आणि त्याच्या मागोमाग उत्तम शिक्षकही जाऊ पाहतो. पेरणीचे बियाणेच दळून खाल्ले, तर पुढच्या हंगामाला शेतकऱ्याच्या हाती काय राहणार? शिष्यवृत्ती ही पिकाची काळजी होय. बियाण्याची राखण अध्यापकाच्या प्रतिष्ठेने आणि वेतनानेच होऊ शकते. टर्मन-परंपरेतील यश आणि उणीव ही दोन्ही हेच दर्शवितात.