ठासणीची बंदूक आणि लहुजी वस्ताद

नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीवर २६ व २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवशीं आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेनें इंग्रजांशीं निकराची झुंज दिली. भोसल्यांच्या पदरच्या अरब शिपायांनीं तींत पराक्रमाची शर्थ केली. तरीहि जय अखेर इंग्रजांचा झाला. त्याच महिन्याच्या ५ तारखेस पुण्याजवळ खडकीच्या रणांगणावर पेशव्यांचें सैन्य मागें हटलें होतें. त्या लढाईंत राघोजी साळवे हे मातंग वीर धारातीर्थीं पडले, असें परंपरा सांगते. त्यांचा मुलगा लहुजी त्या वेळीं बावीस-तेवीस वर्षांचा होता.

राज्य बुडालें म्हणजे फौज मोडते. पण फौजेंतील विद्या कोठें जाते? नागपुरापुढें आणि पुण्यापुढें हा प्रश्न सारखाच उभा होता.

त्या काळची बंदूक ठासणीची असे. दारू मोजून नळीच्या तोंडांतून ओतावयाची, तिच्यावर गोळी सोडावयाची आणि दोन्ही गजानें घट्ट ठासावयाचीं. तोड्याची बंदूक असेल तर कानावर रंजक घालून त्यास पेटता तोडा भिडवावयाचा. दारू फाजील झाली अथवा गोळी अर्ध्यावर अडकून राहिली तर नळी फुटण्याचें भय. दारू कमी पडली तर गोळी निशाणापर्यंत पोंचत नसे. रंजक पेटल्यापासून बार उडेपर्यंत जो क्षण जाई, त्या क्षणीं हात यत्किंचितहि हलतां कामा नये. ही विद्या पोथी वाचून येत नाहीं. शेजारीं उभा राहून हात धरणारा वस्तादच लागतो.

लहुजी साळवे असे वस्ताद झाले. पाठीशीं ना दरबार, ना सरकारी पगार. तरी पुण्यांतील त्यांच्या तालमींत तरुण येत राहिले. दांडपट्टा आणि गोळीचें निशाण मारण्याची कसरत आपण लहुजींकडे शिकलों, आणि तीहि इंग्रजी राज्य उलथून टाकण्याच्या इराद्यानें, असें जोतीराव फुले यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. ज्या काळीं उच्चवर्णीयांना मातंगाची सावलीहि नकोशी होती, त्या काळीं एका मातंग वस्तादास इतर जातींचे तरुण गुरु मानीत होते. वासुदेव बळवंत फडके हेहि याच तालमींत तयार झाले, असें सांगतात.

इ. स. १८७८ मध्यें लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा ठरलें. युरोपियनांना मात्र सूट राहिली. कायद्यांत वस्तादाचें नांव नव्हतें. परंतु बंदूकच हातीं नसेल तर त्यानें शिकवावें काय? पुढच्याच वर्षीं फडक्यांचें बंड झालें व मोडलें. १७ फेब्रुवारी १८८१ रोजीं लहुजी निवर्तले.

या कायद्याचें शल्य नागपुरांत पुन्हा उसळून आलें तें १९२७ सालीं. मंचरशा आवारी यांनीं त्याविरुद्ध सत्याग्रह पुकारला. तरुण स्वयंसेवक उघडपणें तरवारी घेऊन रस्त्यावर आले आणि तुरुंगांत गेले. हत्यार घेऊन सत्याग्रह ही रीत महात्मा गांधींना पटली नाहीं. तथापि, परक्या सरकारनें एका सबंध प्रजेस नि:शस्त्र करावें, हा अपमान त्या तरुणांना सोसवला नाहीं, हें खरें. पुढें स्वतंत्र भारतांत १९५९ च्या नव्या कायद्यानें जुन्या कायद्याची जागा घेतली.

नागपूरच्या अजबबंगल्यांत आज जुनीं हत्यारें पाहावयास मिळतात. हत्यार असें कांचेआड जपून ठेवतां येतें. शिकविणारा हात मात्र तसा जपतां येत नाहीं. तो शिष्यांच्या कर्तृत्वांतूनच ओळखावा लागतो. जोतीरावांनीं पुढें बंदुकीचा मार्ग सोडून शाळेचा मार्ग धरला. महार-मांगांच्या मुलांसाठीं त्यांनीं शाळा काढल्या, तेव्हां वस्त्यावस्त्यांतून फिरून मुलें गोळा करण्यास पुढें आले ते हेच वृद्धत्वाकडे झुकलेले लहुजीबुवा.