महाराष्ट्र डर्बी (प्रो कबड्डी लीग)

महाराष्ट्र डर्बी हे प्रो कबड्डी लीगमधील यू मुंबा आणि पुणेरी पलटण या दोन संघांमधील सामन्यांना रूढ झालेले नाव आहे. एकाच शहरातील किंवा शेजारच्या दोन शहरांतील संघ परस्परांविरुद्ध खेळतात, तेव्हा त्या लढतीस ‘डर्बी’ म्हणण्याचा प्रघात इंग्लंडमधील फुटबॉलमधून जगभर पसरला आहे. यू मुंबा मुंबईचे, तर पुणेरी पलटण पुण्याचे प्रतिनिधित्व करते. दोन्ही संघ लीगच्या २०१४ मधील पहिल्या हंगामापासून स्पर्धेत आहेत. दोघांच्याही नावावर प्रत्येकी एक विजेतेपद आहे : यू मुंबाचे २०१५ मधील आणि पुणेरी पलटणचे २०२४ मधील. लीगच्या पहिल्या बारा हंगामांत अंतिम सामन्यात मात्र हे दोन संघ एकदाही समोरासमोर आले नाहीत. त्यामुळे या चुरशीचा इतिहास मुख्यतः साखळी फेरीतील सामन्यांतून घडला आहे.

पार्श्वभूमी

आजच्या कबड्डीला महाराष्ट्रात पूर्वी हुतूतू म्हणत. अमर, गामिनी आणि संजीवनी असे या खेळाचे वेगवेगळे प्रकार प्रचलित होते. बाद झालेला खेळाडू प्रतिपक्षाचा गडी बाद झाल्यावर पुन्हा मैदानात येतो, हे संजीवनी प्रकाराचे तत्त्व आजच्या खेळाचा पाया ठरले. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत महाराष्ट्रात व बडोद्यात या खेळाला नियमबद्ध स्वरूप देण्याचे प्रयत्न झाले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियमावली तयार करून अखिल भारतीय स्पर्धा भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्यांत हुतूतूचाही समावेश होता. पुढे १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघाची स्थापना झाली. ‘कबड्डीमहर्षी’ म्हणून ओळखले जाणारे शंकरराव (बुवा) साळवी यांचा जन्मदिन, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

मुंबईत हा खेळ गिरणगावातील क्रीडामंडळांनी जोपासला. लालबाग, परळ, डिलाईल रोड या भागांतील कामगार वस्त्यांमध्ये मातीच्या मैदानावर, रात्रीच्या प्रकाशझोतात स्पर्धा भरत. गिरण्या बंद पडल्यानंतर कामगारांची अनेक कुटुंबे ठाणे, मीरा-भाईंदर, वसई-विरार या पट्ट्यात स्थलांतरित झाली आणि त्यांच्याबरोबर खेळाची आवडही उपनगरांत गेली. त्यामुळे मुंबईच्या संघाचा पाठीराखा वर्ग शहराच्या हद्दीपुरता मर्यादित नाही. पुण्यातही शहर, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण भागांतील संघांची स्वतंत्र परंपरा आहे. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत जिल्ह्याच्या नावाने होणारी चुरस व्यावसायिक लीगच्या आधीपासूनची असून, डर्बीच्या भावनिक आवाहनाचे मूळ तेथे आहे.

स्पर्धेची रचना आणि गट

प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळी येथील एनएससीआय संकुलातील सरदार वल्लभभाई पटेल बंदिस्त क्रीडागृहात झाला. त्यात यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सचा ४५-३१ असा पराभव केला. पहिल्या चार हंगामांत आठ संघ होते आणि प्रत्येक संघ दुसऱ्याशी साखळी फेरीत दोनदा खेळे. २०१७ मधील पाचव्या हंगामात संघांची संख्या बारा झाली आणि त्यांची ‘अ’ व ‘ब’ अशा दोन गटांत विभागणी करण्यात आली. यू मुंबा व पुणेरी पलटण ‘अ’ गटात होते. दिल्ली, गुजरात, हरियाणा आणि जयपूर हे त्यांचे इतर गटसोबती होते.

गटातील प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी तीन सामने खेळायचे असल्याने पाचव्या आणि सहाव्या हंगामांत डर्बीचे महत्त्व वाढले. बाद फेरीचा मार्ग गटातील क्रमांकावरून ठरत असे. साहजिकच शेजाऱ्याविरुद्धचा विजय हा स्वतःची गुणसंख्या वाढवणारा आणि त्याच जागांसाठी झगडणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला मागे ठेवणाराही ठरे. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये अशीच व्यवस्था आढळते. तेथे विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या समूहांत विभागलेली असतात आणि एकाच समूहातील जुन्या प्रतिस्पर्ध्यांचा सामना हंगामाचा कळस मानला जातो. १८९७ पासून परस्परांशी खेळत आलेली मिशिगन आणि ओहायो स्टेट ही ‘बिग टेन’ समूहातील विद्यापीठे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होत. प्रो कबड्डीतील गटपद्धती २०१९ मधील सातव्या हंगामात रद्द झाली आणि प्रत्येक संघाने दुसऱ्याशी दोनदा खेळण्याची पद्धत पुन्हा आली.

दोन्ही संघांची वाटचाल

आरंभीच्या काळात दोन संघांमध्ये मोठी तफावत होती. अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली यू मुंबाने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली. २०१४ मध्ये जयपूरकडून २४-३५ असा पराभव झाल्यानंतर २०१५ मध्ये बंगळुरू बुल्सला ३६-३० असे नमवून संघाने विजेतेपद मिळवले. २०१६ च्या आरंभी झालेल्या तिसऱ्या हंगामात पाटणा पायरेट्सने अंतिम सामन्यात यू मुंबाला ३१-२८ असे हरवले. याउलट पुणेरी पलटण पहिल्या दोन हंगामांत गुणतक्त्याच्या तळाशी राहिली. मनजीत छिल्लरच्या कर्णधारपदाच्या काळात चित्र पालटले आणि तिसऱ्या व चौथ्या हंगामांत संघाने तिसरा क्रमांक मिळवला.

गटपद्धतीच्या पहिल्या हंगामातील पहिली डर्बी २८ जुलै २०१७ रोजी हैदराबाद येथे झाली. पुणेरी पलटणने ती ३३-२१ अशी जिंकली. पुढील हंगामात, ७ ऑक्टोबर २०१८ रोजी चेन्नई येथे झालेला सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटला. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा चढाईपटू सिद्धार्थ देसाई याने या सामन्यातून यू मुंबाकडून लीगमध्ये पदार्पण केले. त्या एका हंगामात त्याने चढायांतून दोनशेहून अधिक गुण मिळवले. २७ जुलै २०१९ रोजी वरळी येथे झालेली डर्बी यू मुंबाने ३३-२३ अशी जिंकली. भारताच्या क्रिकेट संघाचा तत्कालीन कर्णधार विराट कोहली या सामन्यास पाहुणा म्हणून उपस्थित होता. त्या हंगामात यू मुंबाने उपांत्य फेरी गाठली.

त्यानंतर पारडे पुण्याकडे झुकले. आठव्या, नवव्या आणि दहाव्या हंगामांत यू मुंबा बाद फेरीत पोहोचू शकली नाही. पुणेरी पलटण नवव्या हंगामात प्रथमच अंतिम फेरीत गेली. परंतु १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरने तिला ३३-२९ असे हरवले. दहाव्या हंगामात अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली संघाने १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले. बाराव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात, ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिल्लीच्या संघाने पुणेरी पलटणला ३१-२८ असे नमवले.

दोन्ही संघांकडून सहभागी झालेले खेळाडू

खेळाडू लिलावातून निवडले जात असल्याने एका संघाचा आधारस्तंभ पुढे प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने उभा राहिल्याची उदाहरणे आहेत. यू मुंबाचा पहिला कर्णधार अनुप कुमार याच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ चा विश्वचषक जिंकला होता. निवृत्तीनंतर तो २०१९ मध्ये पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला. इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली याने २०१५ मध्ये यू मुंबाकडून लीगमधील कारकीर्द सुरू केली. पुढे त्याने यू मुंबाचे नेतृत्व केले आणि नवव्या हंगामात १ कोटी ३८ लाख रुपयांच्या बोलीवर तो पुणेरी पलटणमध्ये दाखल होऊन तिचाही कर्णधार झाला. अशा स्थलांतरामुळे डर्बीच्या डावपेचांना वेगळे परिमाण मिळते. प्रतिस्पर्ध्याच्या चढाईपटूंच्या सवयी, त्यांच्या आवडत्या बाजू आणि दबावाखालील निर्णय यांची आतून माहिती असलेली व्यक्तीच समोरच्या बाजूला असते.

सामन्याचे निर्णायक घटक

डर्बीच्या आधी होणारी चर्चा बहुतांशी प्रमुख चढाईपटूंच्या नावांभोवती फिरते. सामन्याचा निकाल मात्र पुढील बाबींवर अधिक अवलंबून असतो.

कोपरारक्षकांची जोडी : सात खेळाडूंच्या बचावात दोन टोकांचे कोपरारक्षक घोटा किंवा मांडी पकडून चढाईपटूला रोखतात आणि मध्यरक्षक त्यांना साथ देतात. एक कोपरारक्षक लवकर बाद झाला, तर साखळी तुटते आणि लोण चढण्याचा धोका वाढतो. लोण देणाऱ्या संघास दोन जादा गुण मिळतात.

तिसरी चढाई : एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया निष्फळ ठरल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे बंधनकारक असते, अन्यथा चढाईपटू बाद होतो. सावध खेळ करणारा संघ प्रतिस्पर्ध्याला जाणीवपूर्वक या टप्प्यावर आणतो. पुणेरी पलटणच्या यशस्वी हंगामांत या संयमी पद्धतीचा वाटा मोठा होता.

अव्वल पकड : मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड यशस्वी झाल्यास एकाऐवजी दोन गुण मिळतात. त्यामुळे संख्येने कमी पडलेला संघही सामन्यात परत येऊ शकतो आणि आघाडीवरील संघाला अखेरपर्यंत निर्धास्त राहता येत नाही.

पराभवातील गुण : अनेक हंगामांत विजयास पाच, बरोबरीस तीन आणि सात किंवा त्याहून कमी गुणफरकाने झालेल्या पराभवास एक गुण देण्याची पद्धत होती. त्यामुळे सामना हातचा गेल्यावरही शेवटच्या मिनिटांत फरक कमी करण्याची धडपड गुणतक्त्याच्या दृष्टीने मोलाची ठरत असे.

घरचे मैदान

यू मुंबाचे घरचे सामने वरळी येथे, तर पुणेरी पलटणचे बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात होत आले आहेत. सुरुवातीच्या हंगामांत स्पर्धा शहराशहरांतून फिरत असल्याने डर्बी या दोन शहरांतील प्रेक्षकांसमोर खेळली जाई. कोरोना साथीमुळे आठवा हंगाम संपूर्णतः बंगळुरू येथे प्रेक्षकांविना पार पडला. दहाव्या हंगामात बारा शहरांचा जुना क्रम पुन्हा अवलंबण्यात आला. अकरावा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीन शहरांत झाला. बाराव्या हंगामाची केंद्रे विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली ही होती. परिणामी, महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जाणारा सामना त्या वर्षी महाराष्ट्राबाहेरच खेळला गेला. प्रवास व आयोजनाचा खर्च कमी करणारी ही व्यवस्था संघांना सोयीची असली, तरी त्यामुळे डर्बीला तिच्या प्रेक्षकवर्गापासून दूर जावे लागते.

महाराष्ट्रातील खेळाडूंचे स्थान

महाराष्ट्राने ५ जानेवारी २०१८ रोजी हैदराबाद येथे सेनादलाचा ३४-२९ असा पराभव करून अकरा वर्षांनंतर वरिष्ठ राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्या संघाचा कर्णधार रिशांक देवाडिगा हा पूर्वी यू मुंबाचा प्रमुख चढाईपटू होता. परंतु विजेतेपदाच्या वेळी तो लीगमध्ये उत्तर प्रदेशच्या संघाकडून खेळत होता. राज्याचा संघ आणि शहराच्या नावाचा संघ यांतील हे अंतर या प्रसंगी ठळकपणे दिसून आले. दोन्ही संघांच्या सुरुवातीच्या यशात हरियाणातील खेळाडूंचा वाटा मोठा होता.

पुणेरी पलटणने पुढे ‘युवा पलटण’ या उपक्रमाद्वारे तरुण खेळाडूंच्या प्रशिक्षणावर भर दिला. २०२४ च्या विजेत्या संघात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार, नाशिक जिल्ह्यातील आकाश शिंदे आणि पंकज मोहिते हे महाराष्ट्राचे चढाईपटू आघाडीवर होते. इनामदार त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच संघात २ कोटी ३५ लाख रुपयांची बोली लागलेला इराणचा मोहम्मदरझा शादलुई हाही होता. म्हणजेच हे यश केवळ स्थानिक खेळाडूंचे नव्हते. तथापि, जिल्हा आणि शालेय स्पर्धांतून पुढे येणाऱ्या मुलांना आपल्याच राज्याच्या संघातून सर्वोच्च पातळीवर खेळता येते, याचे उदाहरण या विजेतेपदाने घालून दिले. मुंबई-पुणे चुरशीचे क्रीडाविषयक महत्त्व यापुढेही बऱ्याच अंशी याच प्रश्नाशी निगडित राहील.

हेही पहा

कबड्डी
हुतूतू
प्रो कबड्डी लीग
यू मुंबा
पुणेरी पलटण
शंकरराव साळवी